हरताळ मीच फासला

अण्णा,

शाळेत निघाले होते. ब्रह्मा घाटाच्या वळणावर फुलं विकणाऱ्या बाईने हाक मारून मला थांबवलं आणि म्हणाली, "बहिनजी, पंडितजी नहीं रहे." मी विचारलं, "कहाँ गए?"

अठरा वर्षं या शहरात काढल्यावर त्या दोन शब्दांचा अर्थ मला ठाऊक नाही असं कसं म्हणू? पण ते कानातून आत गेले आणि वाटेतच कुठेतरी थांबले. मला खरंच वाटलं, तुम्ही इंदूरला लेकीकडे गेला असाल. मला न सांगता गेलात, कारण आपलं बोलणं बंद होतं. त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं. तेव्हा कळलं.

तुम्ही स्नान करून वर आलात, लोटा उंबऱ्याशी ठेवलात, "जरा बसतो" म्हणालात आणि बसलात. काकू चहा घेऊन येईपर्यंत सगळं झालं होतं. "चहा निवला," असं काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. मी ते तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मला वाटलं, आता पुढचं वाक्य वेगळं येईल.

आज बाविसावा दिवस. मी सावकाश लिहिणारी आहे, ते तुम्ही जाणता. पण या वेळी सावकाशीचं कारण वेगळं आहे. तुम्ही गेलात हा एक धक्का होता. तेराव्यानंतर दोन दिवसांनी दुसरा बसला, आणि तो मला अजून नीट उभं राहू देत नाही.

हा लेख वाचनालयाच्या अंकात जाणार, म्हणून ज्यांनी आपली वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. वाचनालयाच्या माडीवर आठ जाड वह्या आहेत, अ पासून ज्ञ पर्यंत. काशीतल्या मराठी वस्तीबद्दल ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने येऊन त्यात लिहायचं : घाट, देवळं, पाठशाळा, घराणी, पदार्थ, मुलांचे खेळ, आपल्या बोलण्यात शिरलेले हिंदी शब्द. गुरुवारी आणि रविवारी दुपारी कुणीही यावं. नोंद उजव्या पानावर, पेन्सिलीने. डावं पान कोरं ठेवायचं, ते आक्षेपांसाठी. महिनाभरात आक्षेप आला नाही, किंवा आला आणि मिटला, की नोंद शाईने पक्की व्हायची. हे पाहणारे आम्ही पाच जण : अण्णा, मी, रेल्वेत गार्ड होते ते सप्रे, बँकेतले कुलकर्णी, आणि कचेरीत कारकून असलेले गोविंदराव. या पाचांत काशीत जन्मलेले दोघेच, अण्णा आणि गोविंदराव. आम्ही तिघं नोकरीमुळे किंवा लग्नामुळे इथे आलो आणि राहिलो.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत, माझ्या अक्षरात. जिवंत माणसावर नोंद नाही. ऐकीव गोष्ट ‘असं सांगतात’ म्हणूनच लिहायची. खोडायचं तर एकच सरळ रेघ मारून, खाली सही करून. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. खोडरबर मी कपाटात कुलूपबंद ठेवला होता. सप्रे त्याला ‘कैदी’ म्हणत आणि अधूनमधून त्याची तब्येत विचारत.

या शेवटच्या नियमावरून आपण किती वर्षं भांडलो, अण्णा? तुमचं म्हणणं ठरलेलं होतं. "जे खोटं ठरलं ते वाचता का यावं, बाई? रेघ मारलेली शिवी ही शिवीच राहते. ज्याला दिली त्याचा नातू येऊन वाचतो. त्याला काय दिसणार, रेघ की शिवी?" आणि माझंही ठरलेलं होतं. झाकलं की कुणी काय झाकलं ते कळत नाही. आज खोटं झाकाल, उद्या कुणी गैरसोयीचं खरं झाकेल. तुम्ही म्हणायचा, "तुमचा माणसांवर विश्वास कमी." मी म्हणायचे, "म्हणून तर वही सगळ्यांना उघडी ठेवता येते."

कुलकर्ण्यांनी सगळ्या नोंदी कंप्यूटरमध्ये घालू या असं सुचवलं, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात : त्यात खोडलेलं दिसतं का? त्यांनी सांगितलं, नाही, पुसलं की गेलं. तुम्ही टाळी वाजवलीत. "मग तो माझ्या पक्षाचा," म्हणालात. कुलकर्णी बिचारे मशीनची बाजू मांडायला आले होते आणि मला त्याच्या विरुद्ध करून गेले.

आणि ते माकड. ‘माकड’ या नोंदीखाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘अधिक माहितीसाठी वाचनालयाचे चिटणीस पाहा.’ चिटणीस संतापले, लिहिणाऱ्याला शोधा म्हणाले. आपण दोन गुरुवार त्यावर घालवले. हा खोडसाळपणा की विनोद? तुम्ही निकाल दिलात : वाक्य काढा, पण अपमानकारक आहे म्हणून नको, खोटं आहे म्हणून काढा, चिटणीसांना माकडांची काहीच माहिती नाही. चिटणीसही हसले. पुढच्याच आठवड्यात खऱ्या माकडाने खिडकीतून येऊन त्याच वहीची चार पानं फाडली, तेव्हा सप्रे म्हणाले, "आक्षेप नोंदवून गेलं."

हसण्याच्या गोष्टी आधी लिहून घेतल्या. आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

‘द’च्या वहीत दामोदरपंतांवर नोंद आहे. गोविंदरावांचे आजोबा. पाठशाळेत शिकवायचे, पाठशाळेच्या पोथ्या त्यांच्या ताब्यात होत्या. नोंदीत शेवटी दोन ओळी होत्या : त्यांच्या काळात पाठशाळेतल्या सात पोथ्या नाहीशा झाल्या, त्या पंतांनी विकल्या असं सांगतात. गोविंदरावांनी डाव्या पानावर आक्षेप लिहिला होता, ‘सांगतात म्हणजे कोण?’ आपण उत्तर दिलं की नियमाप्रमाणे ऐकीव म्हणूनच लिहिलं आहे. गोविंदरावांनी पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. दर वेळी आपण तेच उत्तर दिलं. ‘असं सांगतात’ हे दोन शब्द लिहिले की आपली जबाबदारी संपते, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

दिवाळीनंतर एका गुरुवारी मी ती वही उघडली आणि त्या दोन ओळी नव्हत्या. त्यांच्या जागी पिवळ्या रंगाचा पट्टा होता. जाड, गुळगुळीत, कडेला अगदी सरळ. ‘प’च्या वहीत पाठशाळेच्या नोंदीतही तेच. जिथे जिथे त्या पोथ्यांचा उल्लेख, तिथे पिवळं. खाली सही नाही, डाव्या पानावर अक्षर नाही.

सप्रे म्हणाले, ऑइलपेंट. कुलकर्णी म्हणाले, पोस्टर कलर. काय आहे यापेक्षा कुणाचं आहे हा प्रश्न मला मोठा वाटला, आणि त्याचं उत्तर तर समोरच होतं. त्या ओळी जाण्याने फायदा कुणाचा? तीन वेळा तक्रार कुणी केली? माडीची किल्ली कुणाकडे असते?

मी बैठक बोलावली. गोविंदरावांनाही निरोप होता. ते आले नाहीत, चिठ्ठी पाठवली, ‘मी हात लावलेला नाही.’ एवढंच. मला ती चिठ्ठी उद्धट वाटली. माझ्या वर्गात काच फोडलेल्या मुली अशाच थोडक्यात बोलतात.

त्या दुपारी वीज नव्हती. तुम्ही खिडकीशी बसला होता, मांडीवर शाल. मी बराच वेळ बोलले, माझ्या मानाने फारच. वही सगळ्यांची आहे, ती विश्वासावर चालते, वगैरे. आणि शेवटी म्हणाले, "कुणीतरी आपल्या नियमालाच हरताळ फासला आहे."

तुम्ही चटकन मान वर केलीत. तुमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

"हरताळ मीच फासला, बाई," तुम्ही म्हणालात. "गोविंदाचा काय संबंध?"

आम्हा तिघांना किती वाईट वाटलं म्हणून सांगू. सप्रे लगेच म्हणाले की अण्णा, मनाला लावून घेऊ नका. कुलकर्णी म्हणाले की तुम्ही सगळ्यांना सवलत देता हे खरं, पण त्याचा कुणी असा फायदा घ्यावा हा काही तुमचा दोष नाही. मी म्हणाले, जबाबदारी आपल्या सगळ्यांचीच आहे. तुम्ही आमच्याकडे एकेकाकडे पाहत होता. मग मी मत घेतलं. गोविंदरावांनी यापुढे वहीला हात लावू नये. तीन हात वर. तुमचा शालीतच राहिला.

जिना उतरताना तुम्ही मला थांबवलंत. "मी सांगितलं ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं ना, अण्णा."

"आणि तरी?"

मी म्हणाले, "तरी."

तो ठराव मी त्याच संध्याकाळी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, नियमांच्या खाली, शाईने लिहिला. भाजीच्या नोंदीलाही महिनाभर पेन्सिलीत ठेवणारी मी. एका माणसावरच्या ठरावाला मी एक दुपारही दिली नाही.

त्यानंतर तुम्ही माडीवर आला नाहीत. पौषात एकदा घाटाच्या पायऱ्यांवर भेटलात, धुकं होतं, तुम्ही वर येत होता आणि मी वाट करून द्यायला बाजूला झाले. तुम्ही म्हणालात, "माझं बोलणं तुम्ही मोजलं नाहीत." मी तुमच्या मताबद्दल समजले. म्हणाले, "मोजलं होतं, अण्णा. तीन विरुद्ध एक." तुम्ही हसलात की श्वास घेतलात, धुक्यात नीट दिसलं नाही. "हो, ते बरोबर आहे," म्हणालात आणि वर गेलात. ते आपलं शेवटचं बोलणं. माझ्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द ‘एक’ होता.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. वहीचं सामान घेऊन जा म्हणाल्या, घरात बघवत नाही. कापडी झोळा होता. त्यात चार पेन्सिली, पट्टी, तुमचा दुसरा चष्मा, आणि एक शिंपला, हाताच्या तळव्याएवढा. शिंपल्यात पिवळं काहीतरी वाळून भेगाळलं होतं. सोबत बारीक कुंचला. मी शिंपला उचलला आणि बोट लावलं.

"हात धुवा हं लगेच," काकू म्हणाल्या. "जहर असतं त्यात."

"काय आहे हे, काकू?"

"हरताळ."

मी पुन्हा विचारलं. त्या माझ्याकडे जरा नवलाने बघायला लागल्या, इतकी पुस्तकं वाचणाऱ्या बाईला हे कसं ठाऊक नाही म्हणून. मग समजावून सांगितलं. पिवळा दगड असतो, तो खलून डिंकाच्या पाण्यात कालवायचा. पोथी लिहिताना चूक झाली की लिहिणारा त्यावर हा लावतो, वाळला की त्यावर पुन्हा लिहितो. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात होता. "आपलं चुकलं तर हरताळ, दुसऱ्याचं चुकलं तर समासात लिहायचं, असं हे म्हणायचे."

मी विचारलं, मग खाली सही का केली नाही.

"आपल्याच अक्षरावर लावायचा ना तो," काकू म्हणाल्या. "सही कशाला? ज्याचं अक्षर त्याचाच हरताळ. दुसऱ्याच्या लिहिलेल्यावर कोण लावील?"

अण्णा, मी आयुष्यभर मराठी बोलले. ‘हरताळ फासला’ हे मी शंभर वेळा म्हटलं असेल, मुलींच्या निबंधात त्याखाली लाल रेघ मारली असेल. तो कुठल्या शिंपल्यात असतो, त्याचा रंग कोणता, हे मला माहीत नव्हतं. मी बैठकीत तो शब्द उच्चारला तेव्हा तुम्हाला वाटलं, बाईंनी ओळखलं. म्हणून तुमचा चेहरा तसा सुटला. तुम्ही सरळ कबुली दिलीत, आणि आम्ही तिघांनी तुमची समजूत घातली.

काकूंनी पुढचंही सांगितलं. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या पोथ्या निघाल्या. सात. पाठशाळेचा शिक्का होता. तुमच्या वडिलांनी नकलेसाठी आणल्या असाव्यात. आजारी पडले, गेले, पोथ्या माळ्यावर राहिल्या. विकल्या कुणीच नव्हत्या. "त्या दिवशी हे जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दगड खलायला बसले."

हे सगळं लिहू का, असं मी काकूंना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "लिहा. त्यांनी लिहिलंच असतं. आधी पोथ्या ज्याच्या त्याला देतो, मग लिहितो, म्हणत होते."

तिथून मी माडीवर गेले. ‘द’ची वही खिडकीशी नेली आणि ते पान उजेडासमोर धरलं. झाकलेले शब्द मला वाचायचे नव्हते, ते पाठ आहेत. मला अक्षर पाहायचं होतं. मागच्या बाजूने शाई उमटली होती, उलटी. तुमचा तो शेपटीचा ‘ल’. त्यासाठी पान उजेडात धरायचीही गरज नव्हती. पट्ट्याच्या वरची ओळ तुमच्या अक्षरात आहे. पूर्ण नोंद तुमच्या अक्षरात आहे. ‘प’मधलीही. आम्ही तिघांनी ते पान तासभर पाहिलं होतं, सप्र्यांनी नखाने खरवडूनही पाहिलं. या ओळी गेल्याने फायदा कुणाचा, हे आम्ही विचारलं. या ओळी होत्या कुणाच्या, हे कुणीच विचारलं नाही. आणि मी इतिहास शिकवते.

दुसऱ्या दिवशी मी गोविंदरावांकडे गेले. संकठा घाटाच्या वरची ती गल्ली इतकी अरुंद आहे की परत फिरायचं म्हटलं तरी मागून येणाऱ्याला आधी मागे जावं लागतं. नाहीतर कदाचित फिरले असते. तुम्हाला न्यायच्या वेळी गोविंदराव खांद्याला पुढे होते, मी दारातून पाहिलं होतं, आणि मला ते ढोंग वाटलं होतं. हे त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही. इथे लिहिते, ते वाचतील.

दार त्यांनीच उघडलं. "या बाई," म्हणाले. "वहीला हात लावू नको असा ठराव आहे. चहा देऊ नको असा नाही ना?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शिंपला, काकू, ‘ल’. ते ऐकत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की यातलं काहीच त्यांना नवीन नव्हतं. कपाटावर लाल कापडाचं गाठोडं होतं.

"अण्णा त्याच संध्याकाळी आले होते," ते म्हणाले. "बैठकीतून थेट घरी गेले, पोथ्या उचलल्या आणि इथे आले. खाली मान घालून बसले होते."

"मग तुम्ही मला येऊन का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की पोथ्या त्यांच्या घरात निघाल्या? त्यांनी माझ्या आजोबांना सोडवलं, आणि मी त्यांच्या वडिलांना अडकवू?" मग म्हणाले, "आणि मी सांगितलेलं कोण मानणार होतं? फायदा तर माझाच."

तुम्ही पुन्हा येऊन माझ्याशी बोलणार होता, असंही ते म्हणाले. तुम्हाला त्यांनीच अडवलं. एकदा सांगितलंत ना, मग पुरे, रोज रोज स्वतःची चूक घेऊन कुठे फिरता. थोडे दिवस जाऊ द्या, मग आपण दोघं मिळून लिहू. थोडे दिवस. तुम्ही उंबऱ्याशी बसाल हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. माझ्याबद्दल काय म्हणाले?

गोविंदरावांनी कप खाली ठेवला. "म्हणाले, बाईंना मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकलं, ऐकलं असं म्हणाल्याही. आणि तरी हात वर केला. नियमाच्या फार पक्क्या आहेत त्या."

"रागावले होते?"

"रागावले असते तर मला कळलं असतं. कौतुकाने म्हणत होते की दुःखाने, ते आजपर्यंत मला उमगलं नाही."

मलाही उमगत नाही, अण्णा. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच वाक्य आठवतं. तुम्ही चोवीस वेळा माझ्याशी भांडलात आणि पंचविसाव्या वेळी माझी बाजू घेतलीत, अशी आपली वर्षं गेली. माझी नोंद वाचून तुम्ही ‘हं’ म्हणालात की मी तो दिवस चांगला समजायचे. माझ्या वाक्यांना तुम्ही सरळ चालायला शिकवलंत. मी परकी आले होते. कुठल्या घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात आधी बुडतात इथपासून कुणाच्या घरी हिंदीतून बोललेलं खपत नाही इथपर्यंत, सगळं तुम्ही सांगितलंत. एक शब्द तेवढा सांगायचा राहिला. तो मला ठाऊक आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. आणि एका निर्दोष माणसाला जाणूनबुजून बाहेर काढणारी बाई, अशी मला मनात घेऊन तुम्ही गेलात. याच्यावर डावं पान नाही. कुठे लिहू आक्षेप?

निघताना मी गोविंदरावांना विचारलं, तो ठराव मी खोडते, पण कसा खोडू? चूक माझी, अक्षर माझं. अण्णांच्या रीतीने हरताळ लावायला हवा, शिंपला माझ्याकडे आहे. पण तसं केलं तर मी काय केलं होतं ते कुणालाच दिसणार नाही, आणि ती सोय मला नको आहे. तुमच्यावर अन्याय झाला, तुम्ही सांगाल तसं करते.

ते बराच वेळ हसत होते. "आजोबांचं झाकलं गेलं, ते झाकलेलंच राहू द्या. माझं मात्र रेघ मारूनच खोडा, वाचता येईल असं. पुढे कुणी उघडून पाहील, त्याला कळेल की बाईसुद्धा चुकल्या होत्या. एवढी तर मजा घेऊ द्या मला."

मी रेघ मारली. खाली सही केली. सप्रे आणि कुलकर्णी यांनीही केली. पट्टी धरूनही माझी रेघ थोडी वाकडी आली आहे.

तुमच्यावर नोंद लिहायला आता नियमाची आडकाठी नाही. तुम्ही म्हणायचा, "मी अजून नोंदीला पात्र झालेलो नाही," आणि वहीतलं तुमचं कोरं पान मला दाखवायचा. ‘अ’ची वही मी दोनदा काढली आणि दोनदा मिटून ठेवली. तिसऱ्यांदा ‘ह’ची काढली. आठ वह्या भरल्या आपण, त्यात माकड आहे, मालपुवा आहे, आणि हरताळ नाही. मी पेन्सिलीला टोक केलं आणि उजव्या पानावर लिहिलं : ‘हरताळ – पोथीतला चुकीचा मजकूर झाकण्यासाठी लावतात तो पिवळा रंग.’ पुढे काकूंनी सांगितलेली कृती लिहिली. शिंपला कपाटात ठेवला, कैद्याशेजारी.

रविवारी गोविंदराव माडीवर आले. चप्पल काढताना जरा घुटमळले, मग तुमच्या खिडकीशी न बसता माझ्या समोर बसले. मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी नोंद वाचली, पेन्सिल मागितली आणि डाव्या पानावर लिहिलं : ‘आक्षेप. "चुकीचा" नव्हे. "आपला चुकलेला".’ खाली सही केली.

मी माझ्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर त्यांचे दोन लिहिले. पेन्सिलीनेच, शाईला अजून महिना आहे. खालचा शब्द वाचता येतो, अण्णा.